कायद्याला उलटून बोलता येत नाही

पल्हादचा फोन मी उचलायचा नाही, असं आमचं ठरलेलं होतं. सकाळी तो रानात जायचा, पाण्याची मोटार चालू करायचा आणि खिशातला साधा बटणांचा फोन काढून मला मिसकॉल द्यायचा. थोडा वाजला की बंद. त्या वाजण्यात सगळं यायचं... रात्री झोप लागली, गोळी घेतली, माणूस कामावर आहे. ही पद्धत लावली मीच. आधी मी रोज उठून त्याला फोन करायचे आणि झोपलास का, खाल्लंस का, गोळी घेतलीस का, असा पाढा सुरू करायचे. एक दिवस तो वैतागून म्हणाला, "आक्का, तू बहीण हायस का जमादार?" मग तडजोड झाली. त्यानं मिसकॉल द्यायचा, मी काही विचारायचं नाही. औंढ्याला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. शटर वर करायच्या वेळेला फोन वाजायचा, बंद पडायचा, माझा जीव भांड्यात पडायचा आणि मग कुठं मी मशीनवर बसायचे. कितीतरी वर्षं माझी सकाळ अशीच सुरू झाली.

त्या दिवशी फोन वाजला आणि वाजतच राहिला. हातात कुणाचं तरी कापड होतं, कात्री लावायची होती. नाव त्याचंच दिसत होतं, पण फोन काही थांबेना. पहिल्यांदा मी उचललाच नाही. कारण तो फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे, हे मला कळलं होतं, आणि कळलं तरी कळून घ्यायचं नव्हतं. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. शेजारच्या रानातला गंगाधर बोलत होता. "आक्का, पल्हाद मोटारीपाशी पडलाय... उठून न्हाई राहिला. तुमी निघा." मी एवढंच विचारलं, "कसं?" तो म्हणाला, "कसं म्हंजे? पडलाय जी." माझ्या त्या 'कसं'मध्ये काय होतं ते त्याला कळलं नाही, देवाची कृपा. ज्यांच्या घरात मनाचा आजार आहे त्यांना मात्र ते लगेच कळेल. आमच्या घरात कुणी गेलं तर आधी रडू येत नाही. आधी हा प्रश्न येतो.

प्रल्हाद माझा धाकटा भाऊ. आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडं, हळदीचं. तो वसमतला आयटीआयला होता तेव्हा पहिल्यांदा आजारी पडला. ऐन हळद शिजवायच्या दिवसांत घरी आला आणि झोपेनाच. बोलायचा ते बोलतच राहायचा. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी आपण घरोघर आणायचं, असं त्याच्या मनानं घेतलं आणि टिकाव घेऊन त्यानं आमचं आख्खं अंगण उकरून नाली काढली. शेजाऱ्याच्या अंगणात शिरला तेव्हा लोकांनी धरला. पुढं सगळं उलट झालं. भिंतीकडं तोंड करून पडला तो पडलाच, भाकरीला हात लावीना. माझं लग्न होऊन मी नुकतीच औंढ्याला आले होते. माय रडत रडत सांगायला आली, "लेकराला बाहेरचं झालंय गं." बाहेरचं झालं म्हटलं की आमच्याकडं माणसं लिंबू, अंगारा, दर्ग्यातला ताईत असं काय काय घेऊन मदतीला धावतात, कुणी नाव ठेवत नाही. डोक्याचा आजार म्हटलं की तीच माणसं ठरलेली सोयरीक मोडून परत जातात. ते मायला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नांदेडच्या डॉक्टरकडं नेऊन गोळ्या सुरू झाल्या, पोरगं माणसात आलं, तरी गावात बाहेरचंच चालू राहिलं. उतारा उतरवला म्हणून बरा झाला, असं माय सांगायची आणि आम्ही सगळे माना डोलवायचो.

गोळ्या लपवायला मायला घरात एकच जागा सापडली, हळदीचा डबा. आल्यागेल्याचा हात तिथं जात नाही म्हणे. कागदाच्या पुडीत बांधून गोळ्या हळदीत पुरायच्या आणि रात्री उकरून काढायच्या. एकदा डॉक्टरांनी त्याला जीभ दाखव म्हटलं तर जीभ पिवळीजर्द, बोटं पिवळी. डॉक्टर घाबरले. गोळ्यांनी कावीळ झाली की काय म्हणून त्यांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंत मी अन्नाला शिवले नाही. गोळ्या बंद करायला लागल्या तर पुन्हा टिकाव, पुन्हा भिंत, माझ्या डोळ्यांपुढून हेच हलेना. रिपोर्ट चांगला आला. पल्हाद दवाखान्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसला. "आक्का, डॉक्टरला सांग, आजार डोक्यात हाय आन् हळद जिभीवर." मला हसू येत नव्हतं. मला त्याच्या हसण्याचीसुद्धा भीती वाटायची. जरा जास्त हसला की वाटायचं, चढतंय का? गप्प बसला की वाटायचं, उतरतंय का? साधं हसणं, साधं गप्प बसणं असं त्याच्या वाट्याला मी कधी येऊच दिलं नाही, असं तो चिडून म्हणायचा.

बाहेरच्याचं सोंग घरातल्या घरात ठीक होतं, पण गाव काही दूधखुळं नव्हतं. आमच्या गावात तीन प्रल्हाद. एक पल्हाद लांब्या, एक पल्हाद डेअरी आणि आमचा पल्हाद येडा. लोकांच्या फोनमध्ये त्याचा नंबर ह्याच नावानं. ह्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता, लांब्या म्हणावं तसं येडा म्हणायचे. पण माझं डोकं फिरायचं. पारावर जाऊन मी एकदा भांडलेही. तर हा मलाच ओढत घरी घेऊन आला. "अगं म्हणू दे ना. लांब्या मला येडा म्हणतो, म्या त्याला बांबू म्हणतो. फिटलं." त्याचं ते हलकं बोलणं ऐकून मला वाटायचं, ह्याला काही लागतच नाही. लागायचं त्याला, पण दुसऱ्याच ठिकाणी.

ते कळलं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. गावातल्या पोरांनी आग्रह करून ह्याला आमच्या वॉर्डातून उभा केला. रात्री-अपरात्री लाइट आली की कुणाचीही मोटार चालू करून द्यायचा, कुणाचंही स्टार्टर दुरुस्त करायचा, त्यामुळं माणसं त्याला धरून होती. मी नको नको म्हणत होते. झोपमोड होईल, दगदग होईल, पुन्हा बिघडेल... पण ऐकतो कशाला! अर्जांच्या छाननीच्या दिवशी आम्ही तहसीलला गेलो. समोरच्या उमेदवारानं हरकत घेतली. त्याचा वकील उठला आणि कायद्यातला शब्द सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, 'विकल मनाचा'. असा माणूस सदस्य व्हायला अपात्र आहे आणि प्रल्हादची नांदेडला ट्रीटमेंट चालू आहे, असं तो म्हणाला. खोली गच्च भरलेली. पल्हादचे कान लालबुंद झालेले मला मागून दिसत होते.

तेवढ्यात माय उभी राहिली. पदर सावरून थेट छाननी करणाऱ्या साहेबांना म्हणाली, "सायेब, त्याला तसलं काई न्हाई. बाहेरचं झालं व्हतं. उतरलं आता." खोलीतली निम्मी माणसं माना डोलवू लागली. बाहेरचं होतं म्हटल्यावर सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. आणि बाहेरचं झालेला माणूस अपात्र, असं कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही! मी मनात म्हटलं, झालं, सुटलो, आता गप्प बस रे बाबा. पण तो उठला. "माय, तू बस," म्हणाला. आणि मग साहेबांकडं बघून म्हणाला, "सायेब, मला आजार हाय. मनाचा. गोळ्या चालू हायत. डॉक्टरनं काम करायला परवानगी देल्ली. आन् वकीलसायेबानं अर्धंच वाचलं. कोर्टानं तसं ठरवलं असंल तर अपात्र, असं हाय त्याच्यात. मला कोणत्या कोर्टानं ठरवलं ते दाखवा." त्यानं ते कधी, कुठं वाचलं होतं कोण जाणे. साहेबांनी पुस्तक मागवलं, चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. तो वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ. अर्ज मंजूर झाला. पुढं तो निवडूनही आला. पण परत येताना जीपमध्ये माय त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. इतक्या वर्षांचं तिचं झाकलेलं त्यानं एका मिनिटात उघडं केलं होतं.

निवडून आल्यावर माणसं रस्ता मागतात, नळ मागतात. ह्यानं तेही केलं, पण ह्याच्या डोक्यात तो शब्द बसला तो बसलाच. मी म्हणायचे, "अरे गाव येडा म्हणतं ते चालतं आणि पुस्तकातला शब्द काहून टोचून राहिला तुला?" तेव्हा तो जे बोलला ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. म्हणाला, "आक्का, मला लांब्याला उलटून बोलता येतं. कायद्याला उलटून बोलता येत न्हाई." त्यानं ग्रामसभेत ठराव मांडला, की राज्याच्या कायद्यातून हे असले शब्द काढावेत. लोक हसले. ग्रामसेवक म्हणाले, हा आपला विषय नाही. पोरांनी हात वर केले आणि ठराव झाला. वर कुठं गेला, पोहोचला का, काही पत्ता नाही. पण मध्यंतरी सरकारनं जुन्या कायद्यांतले मनाच्या आजाराविषयीचे शब्द बदलायचं मनावर घेतलंय, लोकांकडून सूचना मागवल्यात, असं कळलं. हिंगोलीला बैठक होती. हा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला आणि मी दुकान बंद करून त्याच्या मागं. तिथं काही बोलून बसेल, आवाज चढेल, लोक म्हणतील, बघा... ह्याच धास्तीनं गेले.

बैठकीत शहाणीसुरती माणसं एकापेक्षा एक जड शब्द सुचवत होती. ह्याची पाळी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कोणता शब्द हवा?" हा म्हणाला, "कोणताच नको सायेब. नवा शब्द देल्ला तर चार-दोन वर्षांत पोरं त्याचीच शिवी करतेल. ताप आलेल्या माणसाला तुमी ताप्या म्हणता का? ताप आला म्हणता. उतरला की उतरला म्हणता. तसं लिवा. माणसाचं नाव नका ठेवू, आजाराचं लिवा. आन् बरा झाल्यावर ते कवा पुसायचं, तेबी लिवा." कुणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं. बाहेर येऊन आम्ही गाड्यावर भजी खाल्ली. तो मला म्हणाला, "आक्का, खरं सांग, जास्त बोललो का?" मी नाही म्हटलं. एरवी समोर आला की तोंडातून निघायचंच, त्या दिवशी मात्र मी त्याला गोळी घेतलीस का असं विचारलं नाही.

...तर त्या सकाळी मी रानात पोहोचले तेव्हा मोटार चालूच होती. कुणालाच ती बंद करायचं सुचलं नव्हतं. हळदीत पाणी तुंबलं होतं आणि तो बांधावर चादरीखाली. मी आधी मोटार बंद केली. मग झोपडीत जाऊन बघितलं, फवारणीचं औषध कुठं उघडं पडलंय का. पिशवी खुंटीला होती, भाकर बांधलेली, तिच्यासोबत मिरचीचा ठेचा. ज्यानं दुपारची भाकर बांधून आणलीय तो... असं मी स्वतःलाच समजावत होते. बाहेर बाजेवर जमादार बसून पंचनामा लिहीत होते. आमचे बाबूकाका, वडिलांच्या मागं घरातले वडीलधारे तेच, जमादारांना सांगत होते, "लिवा सायेब, डोक्यानं कमी व्हता. येडसर व्हता म्हणा, म्हंजे लौकर उरकंल. उगं चौकशा नकोत." काकांच्या मनात काही काळं नव्हतं. आमच्याकडं असंच करतात. वेडसर लिहिलं की पुढं कुणी कुणाला काही विचारत नाही, घरच्यांवर बालंट येत नाही. जमादारांनी लिहिलेलं वाचून दाखवायला सुरुवात केली, "मयत इसम हा वेडसर होता..."

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघाला की माय दचकली. "कोणत्या कोर्टानं ठरवलं?" जमादार बिचारे चांगले होते. म्हणाले, "ताई, कोर्टाचं काय ह्याच्यात? असंच लिहितात. तुम्ही कशाला तकलीफ करून घेता?" काका माझ्यावर डोळे वटारून म्हणाले, "मढं हितं पडलंय आन् तू शब्दावरून भांडून राहिली? तुला बी लागलं का याड?" मला खरं तर मट्कन खाली बसायचं होतं. कारण मलाही माहीत नव्हतं ना, कसं झालं ते! उद्या दवाखान्यातून भलतंच निघालं तर हेच लोक म्हणतील, बघा, बहीण एवढी भांडत होती. जमादारांनी पेन वर केलं. "मग काय लिहू? तुम्हीच सांगा." मी पल्हादचेच बोल पल्हादला दिले. "माणसाचं नका लिहू, आजाराचं लिहा. मनाचा आजार होता, औषध चालू होतं, तब्येत बरी होती. रोज रानात कामाला येत होता. पंचायतीचा मेंबर होता." एवढं बोलून मी मायकडं बघितलं. ती आता उठणार, बाहेरचं होतं म्हणणार, आणि काका ते उचलून धरणार. पण ती त्याच्या पायांवरची माशी पदरानं हाकत बसून राहिली. जमादारांनी आधीची ओळ खोडली, शेजारी सही केली आणि मी सांगितलं तसं लिहिलं.

दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही बसून होतो. किती वेळ ते विचारू नका. दर वेळी आतलं दार वाजलं की मी उठून उभी राहायचे. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, हृदयविकाराचा झटका. भाऊ गेला होता माझा, आणि मला हायसं वाटलं! असलं कसलं मेलं हायसं वाटणं... मी भिंतीला डोकं टेकून रडले ते ह्याच गोष्टीवर. नंतर पुष्कळ विचार केला. समजा, दुसरं काही निघालं असतं, तर तो शब्द त्याला लागू पडला असता का? नसता. तरीही तो आजारच असता, छातीचा नाही तर मनाचा. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतं. त्या ओट्यावर दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून येताना पारावर फ्लेक्स दिसला. पोरांनी वसमतहून छापून आणला होता. हसरा फोटो, खाली 'आपला माणूस' आणि नाव 'प्रल्हाद (येडा)'. पोरांचे डोळे रडून सुजलेले. त्यांनी मायेनंच लिहिलं होतं, ओळखू यावा म्हणून. माझ्या तोंडाशी काय काय आलं. पण मी एवढंच म्हणाले, "बाळांनो, तो होता तोवर तुम्हाला उलटून बोलत होता. आता नाही बोलता येणार त्याला." मग पोरांतलाच एक शिडी घेऊन आला आणि त्यानं त्या शब्दावर पांढरा कागद चिकटवला. वाऱ्यानं तो कागद फडफडायचा आणि मी दशक्रियेपर्यंत जाता-येता बघायचे, निघाला तर नाही ना. कायद्यातल्या शब्दांचं म्हणाल तर बदलणार आहेत म्हणतात. मी पेपर उघडते आणि आधी तेच शोधते. अजून तरी काही दिसलेलं नाही.

त्याला जाऊन महिना उलटून गेलाय. आता सकाळी शटर वर करते तेव्हा त्याच्याच नंबरावरून फोन येतो. माय करते, रानात जाऊन मोटार चालू केली की. त्याच्या फोनमधलं एक बटण दाबून धरलं की मला लागतो, तेवढं त्यानं तिला शिकवून ठेवलं होतं. बंद कसा करायचा ते शिकवायचं राहिलं. त्यामुळं फोन वाजतो आणि वाजतच राहतो, अगदी त्या दिवशीसारखा, आणि मी रोज त्या दिवशीसारखीच गार पडते. मग उचलते. पलीकडून माय म्हणते, "म्या हाय." तिनं जेवण केलं का, बीपीची गोळी घेतली का, असला पाढा मी म्हणत नाही. तो ऐकत असेल तर रागवेल.

परवा मात्र 'म्या हाय' म्हणून ती थांबली नाही. म्हणाली, "काल लोह्याची मावशी भेटायला आल्ती. इचारत व्हती, पल्हादला काय झाल्तं गं, बाहेरचं व्हतं न्हवं?" मी कात्री खाली ठेवली. "मग?" मागं मोटारीचा आवाज येत होता. "म्या म्हणलं, न्हाई. आजार व्हता त्याला. मनाचा. गोळ्या चालू व्हत्या, बरा व्हता." आणि मग लहान लेकरानं विचारावं तशा आवाजात, "बराबर सांगितलं न्हवं?"

"बराबर सांगितलं माय," मी म्हणाले. फोन तिला बंद करता येत नाही, म्हणून मोटारीचा आवाज मी आणखी थोडा वेळ ऐकत राहिले.